लिंबं ठेवून गेलेला चोर

१

चोरानं माझ्या नवऱ्याची दुर्बीण नेली आणि जाताना टेबलावर पाच ताजी लिंबं ठेवून गेला.

मी थापा मारते हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. लग्नाआधी मी वाघाला सायकलवर डबलसीट नेलं होतं, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाच त्या वाघाचा चेहरा आठवायला लागलाय. पण ही थाप नव्हे. लिंबं मी स्वतः मोजली. दाबून पाहिली. एकाला नखानं टोचून वास घेतला. रसरशीत होती हो!

हे घडलं आमच्या सुट्टीच्या घरात. टेकडीवर, खाली तळं, पुढं लाकडी गॅलरी. चिरंजीवांनी घर घेतलं तेव्हा मला म्हणाले, "आई, आता दर आठवड्याला इथं यायचं आणि पाय पसरून बसायचं."

बसलो. दोनदा.

मग बँकेचे हप्ते सुरू झाले आणि सूनबाईच्या लक्षात आलं की आपण पाय पसरून बसलो की घर आपल्याला खातं, आणि दुसरं कोणी पाय पसरून बसलं की घर आपल्याला खाऊ घालतं. झालं! तेव्हापासून घर आमचं आणि सुट्टी लोकांची. आम्ही जातो ते नळ गळतोय का बघायला. मधे दोन पाहुण्यांच्या फटीत एखाद-दुसरा दिवस मिळाला, तर मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून घेते. माझ्या सपाता आणि पाठ खाजवायचा लाकडी पंजा मी तिथंच ठेवून दिला होता. पाय रोवायचा म्हणतात तो असा.

सूनबाई कामाची मोठी चोख. घर ताब्यात आलं त्याच आठवड्यात फोटोवाला बोलावला, सगळ्या खोल्यांचे फोटो काढले आणि इंटरनेटवर टाकले. त्या दिवशी तो फोटोवाला मला सारखा म्हणत होता, "आजी, जरा बाजूला व्हा. आजी, अजून जरा. आजी, दाराबाहेर." शेवटी मी तळ्यात पडायच्या बेतात आले तेव्हा त्याचा फोटो चांगला आला. मग त्या फोटोंच्या मोठ्या प्रती सूनबाईनं चौकटीत घालून ज्या त्या खोलीत दाराशेजारी लावल्या. खाली ठळक अक्षरात, 'खोली अशीच ठेवावी'. म्हणजे पाहुण्यांनाही कळतं आणि आवरणाऱ्यालाही.

तर त्या शनिवारी सकाळी आम्ही तिघं पोचलो. चार वाजता नवे पाहुणे येणार होते. मी सवयीनं खिडकीशी गेले, खुंटीकडे हात नेला, आणि हात तसाच हवेत राहिला.

खुंटी रिकामी!

२

"आई, तू दुसरीकडे ठेवली असशील," चिरंजीव म्हणाले. यांचं पहिलं वाक्य कायम हेच असतं. घराला आग लागली तरी म्हणतील, आई, तू काडी कुठं ठेवलीस?

"मी कशाला ठेवू? मागच्या महिन्यात तूच खुंटीला लावलीस. बाबांची दुर्बीण बाबांना आवडली असती अशा जागी, असं म्हणून डोळे पुसलेस."

"डोळ्यात धूळ गेली होती."

"हो, दोन्ही डोळ्यांत एकदम."

ती दुर्बीण म्हणजे साधं खेळणं नव्हे. पितळी, जाडजूड, चांगली मोठ्या नारळाएवढी जड. हे गेले तेव्हापासून ती कपाटात पडून होती. मी नातवंडांना सांगते की आजोबांनी मला पहिल्यांदा याच दुर्बिणीतून पाहिलं, समोरच्या डोंगरावरून. कधी सांगते बोटीवरून पाहिलं. एकदा फुग्यातून पाहिलं असंही सांगितलं होतं. पण पाहिलं यातूनच, एवढं खरं.

सूनबाईनं घर उलथंपालथं केलं. कपाटं, गाद्या, फ्रीजसुद्धा उघडून बघितला. दाराचं कुलूप शाबूत, खिडक्यांच्या कड्या जागच्या जागी. टीव्ही होता, चांदीची फुलदाणी होती, पाहुण्यांसाठीचा महागडा कॉफीचा यंत्रोबाही होता. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "किल्ली कुणाकडे असते?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. कारण किल्ली असते किल्लीकडे.

किल्ली म्हणजे आमची घर सांभाळणारी. तिचं नाव वेगळं आहे, पण कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून ती खळखळत येते म्हणून मी तिला किल्ली म्हणते. घरामागच्या खोलीत राहते, नवरा तळ्यावर बोट चालवतो. पाहुणे गेले की आवरते, नवे येण्याआधी चादरी घालते. आणि मुख्य म्हणजे, जगात माझ्या थापा शेवटपर्यंत ऐकणारं आता तेवढं एकच माणूस उरलंय. ऐकते तर ऐकते, वर विचारते, "मग वाघानं घंटी वाजवली का हो आजी?" असं माणूस मिळतं कुठं?

किल्ली आली. सूनबाईनं विचारलं, "सोमवारी पाहुणे गेल्यावर घर कुणी आवरलं?"

"मीच की, ताई."

"तू एकटीनं?"

"मीच," ती म्हणाली, पण बोलताना पदराच्या टोकाशी खेळत होती. नजर जमिनीवर.

"त्यानंतर घर बंद होतं?"

"बुधवारी साहेब बल्ब ठेवायला आले तेवढेच. दार मीच उघडून दिलं."

"म्हणजे जुडगा तुझ्याचकडे." सूनबाईनं हात पुढं केला. "टेबलावर ठेव. चारच्या आत दुर्बीण सापडली तर ठीक. नाही तर मी आवरायला कंपनीची माणसं लावते. आणि मागची खोली त्यांना लागेल."

किल्लीनं जुडगा सोडला. टेबलावर ठेवताना तो खळखळलासुद्धा नाही, इतका हळू ठेवला. तिथं मधोमध ते काचेचं भांडं होतं आणि भांड्यात ती पाच लिंबं.

"आणि ही लिंबं कशाला आणलीस?" सूनबाईनं विचारलं.

किल्लीनं चमकून वर पाहिलं. "मला वाटलं तुम्ही आणलीत."

"मी आत्ता येतेय."

दोघींनी चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीवांनी दोन्ही हात वर केले, आणि लगेच "आई गं" म्हणत उजवा खाली घेतला. "माझ्याकडे बघू नका. मी बुधवारी घाईत होतो. बल्ब ठेवले, पाहुण्यांच्या विसरलेल्या सामानाची पिशवी उचलली आणि पळालो. आधीच तेव्हापासून खांदा धरलाय."

म्हणजे लिंबं कुणीच आणली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. मजेचा!

३

"चार वाजेपर्यंत हे माझ्यावर सोडा," मी जाहीर केलं.

"आई, हे काही तुझ्या वाघासारखं नाही," चिरंजीव म्हणाले.

"वाघ तरी सापडला होता," मी म्हटलं आणि खुर्चीत बसायला गेले. आणि पडता पडता वाचले. खुर्ची जागेवर नव्हती! खिडकीशी असायची ती कोपऱ्यात, दिव्याखाली सरळ उभी. मी पायानं सपाता चाचपल्या. सपाता नाहीत. हात मागं नेऊन पंजा शोधला. पंजाही नाही.

आता सांगा. पितळी दुर्बीण चोरणारा चोर मी समजू शकते. पण म्हातारीच्या झिजलेल्या सपाता? आणि पाठ खाजवायचा पंजा? चांदीची फुलदाणी सोडून? एक तर हा चोर वेडा, नाहीतर त्याची पाठ फारच खाजते.

सूनबाई म्हणाली, "मला तर त्या पक्षीवाल्यांचाच संशय येतोय. आत्ता लिहिते त्यांच्याबद्दल साईटवर. पुढं कुणी घर देणार नाही त्यांना."

पक्षीवाले म्हणजे सोमवारी गेलेलं जोडपं. आठवडाभर राहिले, पहाटे उठून पक्षी मोजायचे. त्या गृहस्थांनी सूनबाईला फोन करून दुर्बिणीची इतकी स्तुती केली होती की सूनबाईला वाटलं, हे आता मागणीच घालतात की काय.

"थांब," मी म्हटलं. "लिहिलेलं पुसता येत नाही. ते गेल्यावर काही विसरले होते ना?"

"टोपी आणि चार्जर," चिरंजीव म्हणाले. "त्यांचा मेसेज होता. दिलं मी पाठवून, ऑफिसातून."

"मग चोरी केलेला माणूस मेसेज करून आपला पत्ता कशाला देईल? चोर चार्जरवर पाणी सोडतो आणि गप्प बसतो."

सूनबाईनं फोन खाली ठेवला. पण जुडगा टेबलावरच होता, आणि किल्ली दाराशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती, बाळ दुसऱ्याच्या कडेवर गेल्यावर आई बघते तशी.

मी एक लिंबू उचललं. देठाला छोटं पान होतं अजून. म्हणजे बाजारातलं नव्हे, झाडावरून तोडलेलं. आणि या टेकडीवर लिंबाचं झाड एकच आहे. शेजारच्या दातवाल्यांच्या अंगणात.

आणि दातवाल्यांना आमचं घर पहिल्यापासून हवं होतं!

४

दातवाले म्हणजे निवृत्त दातांचे डॉक्टर. आमचं घर विकायला निघालं तेव्हा त्यांनाच घ्यायचं होतं, मधली भिंत पाडून मोठी बाग करायची होती. आम्ही मधे आलो. तेव्हापासून ते आमच्याशी बोलतात ते फक्त भिंतीवरून, आणि तेही पाहुण्यांच्या गाड्या कुठं लागतात एवढ्याचपुरतं. शिवाय जुन्या मालकानं अडीअडचणीला म्हणून त्यांच्याकडे एक किल्ली ठेवली होती, ती त्यांनी अजून परत केली नव्हती. काय म्हणता! किल्ली आहे, राग आहे, लिंबंही आहेत.

मी लिंबू हातात घेऊन भिंतीशी गेले. ते झाडाला पाणी घालत होते.

"डॉक्टर, हे तुमचं का?"

त्यांनी चष्मा वर केला. "माझंच. साल बघा किती पातळ आहे. बाजारात नाही मिळायचं."

"आमच्या घरात कसं आलं?"

"पायानं गेलं नसेल, वहिनी."

"तुम्ही ठेवलंत?"

"मी? तुमच्या घरात? त्या घरात पाऊल टाकलं तर मला रडू येईल. ती भिंत..." ते थांबले. मग खिशातून एक किल्ली काढून भिंतीवर ठेवली. "ही घ्या. कधीची द्यायची राहिली होती. गंजलीय बघा, वापरली असती तर गंजली असती का?"

खरंच गंजली होती. कुलपात अर्धीसुद्धा जाणार नाही अशी. माझा इतका सुंदर संशय, मातीत गेला.

"मग लिंबं?"

"तुमच्या बाई मागायला आल्या सोमवारी. मी म्हटलं, घ्या चार. तर म्हणाल्या, चार नकोत, पाच पाहिजेत. मी म्हटलं, बाई, चारात सरबत होतं. तर म्हणे, सरबत नाही करायचं, भांड्यात ठेवायचीत, आणि पाचच पाहिजेत. हटूनच बसल्या! पाचवं लिंबू मला शिडी लावून काढावं लागलं."

"किल्ली आली होती? म्हणजे आमच्या घरामागं राहते ती?"

"चेहरे मी बघत नाही, वहिनी. चाळीस वर्षं तोंडं बघितली, आता कंटाळा आलाय. दात तेवढे दिसतात, इलाज नाही. पुढच्या वरच्या दोन दातांत फट होती. पेन्सिल जाईल एवढी."

मी तिथून अशी निघाले की माझे गुडघे मागं राहिले आणि मी पुढं गेले.

५

किल्ली मागच्या खोलीच्या पायरीवर बसली होती. आत तिनं भांडी आवरायला सुरुवात केली होती. मला तिचे दात बघायचे होते, आणि ती तर ओठ मिटून बसलेली. विचारणार कसं? आ कर म्हणू?

मग मी माझं खास हत्यार काढलं.

"किल्ले, तुला सांगितलंय का, मी एकदा एका मगरीचे दात घासून दिले होते?"

तिनं पदर सारखा केला.

"मगर चांगली होती गं स्वभावानं. पण तोंडाला वास. मी म्हटलं, बाई, अशानं तुझं लग्न कसं जमणार? मग केरसुणी घेतली आणि..."

"केरसुणी?" तिच्या ओठांची कड हलली.

"मग काय, ब्रश पुरतोय होय? अर्ध्यावर आल्यावर तिला गुदगुल्या झाल्या. हसायला लागली. आणि मी आत!"

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत. दिवा मागवावा लागला मला."

किल्ली फस्सकन हसली. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. आणि मी बघितलं. दात एकाला एक लागलेले, कणसावर दाणे बसावेत तसे. पेन्सिल सोडा, सुईसुद्धा जायची नाही.

"सोमवारी घर तू आवरलं नाहीस," मी म्हटलं.

तिचं हसू विझलं.

"तू आवरतेस तेव्हा उशा एकावर एक ठेवतेस, हे मला माहीत आहे. आज बघितल्या तर टोकावर उभ्या, हॉटेलात असतात तशा. टीव्हीचा रिमोट तू लिंबांच्या भांड्यात टाकतेस, तो आज खणात आहे. कुठं होतीस सोमवारी?"

तिनं पायरीवरची माती उकरली. मग कमरेच्या पिशवीतून एक छोटं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. कार्डावर तिचा फोटो, आणि चेहऱ्यावर असा भाव की कुणीतरी आत्ताच भूत दाखवलंय.

"ड्रायव्हिंग लायसन!" मी ओरडले.

"हळू, आजी! दोनदा नापास झाले होते. पहिल्यांदा खांबाला लावली, दुसऱ्यांदा परीक्षा घेणाऱ्या साहेबाच्या टेबलाला. नवरा म्हणाला, बोटीची बाई रस्त्यावर कशाला? म्हणून या वेळी कुणाला न सांगता गेले. सोमवारचीच तारीख मिळाली. ताईंनी सांगितलंय, माझ्याशिवाय घरात कुणी पाऊल टाकायचं नाही. आता सांगितलं तरी काम जाणार, नाही सांगितलं तरी जाणार."

"मग आवरायला कुणाला पाठवलंस?"

"जाऊबाईला. ती फार नेमाची आहे हो. सांगितलं की सांगितलं तसंच करते. तिनं चोरी केली असं म्हणायच्या आधी मीच ती दुर्बीण नेली असं म्हणेन."

"तिच्या दातांत फट आहे?"

किल्लीचा चेहरा पांढरा पडला. "तुम्हाला कसं कळलं?"

"बोलव तिला," मी म्हटलं. "आणि भांडी परत मांड."

६

घड्याळ तीनच्या पुढं गेलं होतं. मी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं. चिरंजीव सोफ्यावर, खांद्याला मलम चोळत. सूनबाई टेबलाशी, जुडग्याजवळ. किल्ली आणि तिची जाऊबाई दाराशी. दातवालेसुद्धा आले होते. म्हणाले, लिंबांचं काय झालं ते बघतो.

जाऊबाई हातापायानं बारीक, पण नजर अशी की टाचणी पडली तर पडायच्या आधी उचलेल. काही चोरल्याचा भाव नाही चेहऱ्यावर. उलट थोडी ऐट.

"सूनबाई," मी म्हटलं, "दाराशेजारचा तो फोटो काढ. आणि आता फोटोत बघून सांग. टेबलावर काय आहे?"

"काचेचं भांडं. लिंबं. फोटोसाठी मीच आणली होती."

"किती?"

तिनं मोजली आणि एकदम टेबलाकडे पाहिलं. "पाच."

"उशा?"

"टोकावर उभ्या."

"खुर्ची?"

"कोपऱ्यात. दिव्याखाली." तिचा आवाज बारीक होत चालला होता.

"खुंटीवर?"

"काहीच नाही. तेव्हा दुर्बीण इथं नव्हतीच."

"माझ्या सपाता? पंजा? नाहीत ना? कशा असतील, त्या फोटोवाल्यानं मला दाराबाहेर उभं केलं होतं! आता बघा. जे फोटोत आहे ते सगळं खोलीत आहे, लिंबांसकट. आणि जे फोटोत नाही, तेवढंच गेलंय. याला चोरी म्हणतात का? चोर फोटो बघून आवरत नाही. हे कुणी केलं? ज्यानं हे घर आधी कधीच पाहिलं नव्हतं त्यानं. किल्लीला घर पाठ आहे. पक्षीवाले आठवडाभर राहिले. डॉक्टरांना तर या घरातली वीटन् वीट स्वप्नात येते."

"येते," डॉक्टर म्हणाले.

"तेव्हा राहिल्या एकट्या जाऊबाई. काय गं बाई, सोमवारी इथं आलीस तेव्हा काय केलंस?"

जाऊबाई एक पाऊल पुढं आली. "खाली लिहिलंय ना, खोली अशीच ठेवावी. तशी ठेवली. लिंबं नव्हती, ती मागून आणली. या डॉक्टरांनी चार देऊन फसवायला बघितलं, पण मी सोडलं नाही."

"आणि दुर्बीण?"

"फोटोत नव्हती. म्हणजे घरातली नाही. म्हणजे पाहुणे विसरले."

"आणि सपाता, पंजा?"

"त्यांच्याच सोबतच्या कुणा म्हाताऱ्या बाईच्या असणार. विसरभोळी दिसतेय."

मी ते गिळलं.

"मग पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तूंचं तू काय केलंस?" मी विचारलं, आणि विचारताना मान वळवून सोफ्याकडे बघितलं.

"धाकट्या जाऊनं सांगितलं होतं तसं. स्वयंपाकघराच्या दारामागं पिशवी असते, तिच्यात टाकलं. तळाशी दुर्बीण, वर सपाता, त्यावर टोपी आणि चार्जर. तोंड घट्ट बांधलं."

खोलीत अशी शांतता झाली की मलमाचा वासच तेवढा ऐकू येत होता.

"एक टोपी आणि एक चार्जर," मी म्हटलं. "अशा सामानानं कुणाचा खांदा धरतो, चिरंजीव?"

त्यांचा हात खांद्यावर होता तिथंच थिजला. "मला वाटलं... चार्जर जुन्या पद्धतीचा असेल."

"बाबांची दुर्बीण तू स्वतःच्या खांद्यावरून नेलीस, स्वतःच्या हातानं पक्षीवाल्यांच्या नावावर पाठवलीस, आणि सकाळपासून मला विचारतोयस, आई, तू कुठं ठेवलीस!"

७

फोन लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पक्षीवाल्यांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"अहो, आम्हीच करणार होतो! काल मिळालं पार्सल. काय बोलू, शब्दच नाहीत. मी नुसतं म्हटलं की दुर्बीण छान आहे, आणि तुम्ही चक्क भेट दिलीत! असे घरमालक मी आयुष्यात पाहिले नाहीत. बायको तर तुमच्या सपाता घालूनच फिरतेय. लाकडी पंजा कशासाठी ते मात्र कळलं नाही. घरट्यांसाठी का?"

चिरंजीवांनी डोळे मिटले. सूनबाईनं जीभ चावली. आता मागायची कशी?

मी फोन ओढला. "नमस्कार. मी त्या पंजाची मालकीण. तुमच्याकडे आमची दुर्बीण माहेरपणाला आलीय. लाड करा, चार पक्षी दाखवा. पण उद्या आम्ही तिला न्यायला येतो, कारण ती आमच्या ह्यांची आहे, आणि तिच्यातून त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं होतं."

"डोंगरावरून?" सूनबाईनं हळूच विचारलं.

"बसस्टॉपवरून," मी म्हटलं. "रस्त्याच्या पलीकडून. ते दुरुस्तीला घेऊन निघाले होते आणि चालते का म्हणून बघत होते." हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. खरं होतं ना, म्हणून.

पलीकडे गृहस्थ घसा खाकरले. मग इतके हसले, इतके हसले की त्यांच्या बायकोनं येऊन फोन घेतला. "या हो उद्या," त्या म्हणाल्या. "सपाता मात्र देणार नाही!"

सूनबाईनं फोन ठेवला. ती किल्लीकडे वळली. "खोटं का बोललीस माझ्याशी?"

किल्लीनं ते कार्ड पुढं केलं. सूनबाईनं फोटो बघितला. तो भूत बघितलेला चेहरा बघून तिचे ओठ थरथरले, मग ती हसायलाच लागली. तिनं जुडगा उचलला आणि किल्लीच्या हातात दिला. "सॉरी गं. पुढच्या वेळी सांगून जा. आणि जाऊबाईंना एक वेगळी किल्ली करून दे."

जुडगा खळखळला. अख्ख्या टेकडीला ऐकू जाईल असा.

चारला पाहुणे आले तेव्हा आम्ही मागच्या दारानं निघालो होतो. दुसऱ्या दिवशी दुर्बीण आणायला चिरंजीवांची गाडी किल्लीनं चालवली. शेजारी मी. वाटेत आम्ही एका विमानाला मागं टाकलं. किल्लीला विचारा.

आता एकच सांगायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात घर रिकामं होतं तेव्हा सूनबाईनं फोटोवाला परत बोलावला. म्हणाली, फोटो आणि घर एक पाहिजे. खुंटीला दुर्बीण लावली, खुर्ची खिडकीशी आणली, पंजा ठेवला. नव्या सपाता ठेवल्या. आणि मी त्या खुर्चीत बसून झोपले. गाढ. फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा बाजूला व्हा." मी घोरले. तो अजून म्हणाला. मी अजून घोरले. शेवटी त्याला दुसरीकडे जायचं होतं. काढला त्यानं तसाच. सूनबाईनं कपाळाला हात लावला, पण प्रकाश इतका सुंदर पडला होता की तीच प्रत चौकटीत लागली. खाली तेच, 'खोली अशीच ठेवावी'.

त्यानंतरचे पाहुणे गेले त्या दुपारी घरचा फोन वाजला. सूनबाईनं उचलला. मी शेजारीच होते, आवाज मलाही ऐकू येत होता. जाऊबाई होती.

"ताई, सगळं फोटोसारखं लावून झालं. लिंबं, उशा, दुर्बीण, सपाता. आजी तेवढ्या मिळत नाहीयेत. कधी आणून ठेवताय?"

सूनबाईनं वळून माझ्याकडे पाहिलं.

मी बॅग भरूनच बसले होते.